छत्तीस इंचांचे भाऊजी

माझ्या भाऊजींची उंची बदलते असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. त्यात लोकांचा दोष नाही. मी आयुष्यभर दोनच कामं केली, वेल्डिंग आणि थापा, आणि दोन्हींत नाव मिळवलं. मी जोडलेली एक पाण्याची टाकी इतकी घट्ट बसली होती की नळ उघडला तरी पाणी बाहेर यायला राजी होईना. शेवटी टाकीवर हात फिरवून तिची समजूत काढावी लागली. एकदा मी एक शिडी इतकी सरळ बनवली की तिच्यावर चढलेल्या माणसाची पाठदुखी गेली, तो खाली उतरायलाच तयार नव्हता. हे सगळं मीच सांगत आलो, तेव्हा 'थापामिस्त्री' हे नाव मला कुणी उगाच दिलेलं नाही.

पण एक गोष्ट. जिभेने हजार थापा मारल्या असतील, वेल्डिंगच्या टाक्यात मात्र एकही नाही. माझा जोड दिसतो तसाच आतून असतो. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं समजेल.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लांबलचक माणूस. दाराच्या चौकटीशी त्यांचं लहानपणापासून वैर. धंदा घड्याळं दुरुस्त करायचा, त्यामुळे कोणतंही काम ते डोळ्याला भिंग लावल्यासारखं करतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि घरामागच्या शेडमध्ये गाडी बांधायला घेतली. साधी गाडी नव्हे. साठ वर्षांपूर्वीच्या एका शर्यतीच्या गाडीची हुबेहूब नक्कल. छप्पर नाही, दारं नावापुरती, नाक लांब आणि गोल, शेपूट आखूड. मूळ गाड्या जगात मोजून सतरा उरल्या आहेत म्हणे. भाऊजींना त्यातल्या एकीचा एकच फोटो मिळाला होता, तोही डावीकडून काढलेला. उजवी बाजू त्यांनी अंदाजाने केली. खाली लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर फायबरचं अंग, त्याला लाल रंग, आणि पोटात एका म्हाताऱ्या टॅक्सीचं इंजिन.

अकरा वर्षांत गाडी तीनदा पूर्ण झाली. तिन्ही वेळा भाऊजींना काहीतरी खटकलं आणि त्यांनी ती पुन्हा सोडवली. गाडीत बसलेले ते कुणाला दिसले नाहीत. दिसायचे ते गाडीखालून बाहेर आलेले त्यांचे पाय.

ताईचं सगळं उलट. तिची ड्रायव्हिंग स्कूल. चौतीस वर्षं ती शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसली, पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवून. निम्म्या शहराला तिने गाडी शिकवली. भाऊजी तिचेच विद्यार्थी. परीक्षेत चार वेळा नापास झाले, पाचव्यांदा पास झाले आणि त्याच दुपारी त्यांनी लग्नाचं विचारलं. ताई सांगते, "मी हो म्हटलं. म्हटलं, हा माणूस एकटा रस्त्यावर सोडण्यात धोका आहे."

तर ही शेड म्हणजे मुळात ताईच्या गाडीची जागा. भाऊजींची लाल गाडी आत आली आणि ताईची दोन ब्रेकवाली गाडी अकरा वर्षं बाहेर उन्हापावसात उभी राहिली. पक्ष्यांनी तिच्या टपावर काय काय लिहून ठेवलं ते विचारू नका. या वर्षी ताईने एकदाच, शांतपणे सांगितलं, "टेकडीवरच्या चढणीच्या शर्यतीत यंदा ही गाडी वर चढली, तर शेड कायमची तुमची. नाही चढली तर गाडी दातांच्या डॉक्टरांना. ते पाच वर्षं मागतायत. आणि माझी गाडी आत."

दातांच्या डॉक्टरांचं नाव काढलं की भाऊजींचा चेहरा दाढ उपटल्यासारखा होतो. त्यांना ठाऊक होतं, डॉक्टर ती गाडी दवाखान्याच्या काचेमागे ठेवणार आणि तिच्यात पोरांना बसवून फोटो काढणार. शर्यतीचा अर्ज ताईनेच भरून पाठवला, कारण भाऊजींचं अक्षर भिंगाशिवाय वाचता येत नाही. भाऊजींनी न वाचता सही केली.

मग शर्यतवाल्यांचं नियमांचं पत्र आलं आणि भाऊजी धावत माझ्याकडे आले.

"मेव्हणे, कमान लागणार."

"कसली कमान? मंडप घालताय?"

"रोल बार. सीटच्या मागे. नाहीतर तपासणीतच घरी पाठवतात."

रोल बार म्हणजे गाडी उलटलीच तर रस्ता आणि माणसाचं डोकं यांच्यामध्ये उभी राहणारी लोखंडाची कमान. नियम सोपा. माणूस हेल्मेट घालून, पट्टा बांधून बसला की कमान हेल्मेटच्या वर निदान दोन इंच हवी. नळी अखंड हवी, बिनसांध्याची. मध्ये जोड मारलेली नळी चालत नाही, आणि चालू नयेच. ज्या जागी डोकं टेकायचं तिथे मी ठिगळ लावत नसतो.

अशी नळी आमच्या भागात मिळत नाही. मागवली तर यायला तीन आठवडे. शर्यतीला चार आठवडे होते. एकच नळी मागवली, सहा मीटरची. एका कमानीला, मागच्या दोन तिरक्या टेकूंना आणि मधल्या आडव्या दांड्याला बरोबर पुरेल इतकी. तेव्हा माप चुकवून चालणार नव्हतं.

माप मी तीन वेगवेगळ्या दिवशी घेतलं. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी. माणूस दिवसभरात थोडा आखडतो हे पुष्कळांना माहीत नसतं. रात्रभर आडवा पडून सकाळी तो लांब झालेला असतो. मी म्हटलं, आपण सगळ्या वेळा धरू.

पहिल्या दिवशी भाऊजी हेल्मेट घालून सीटवर बसले. मी टेप काढला, तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन शेडमध्ये आली. ट्रे तिने गाडीच्या नाकावर ठेवला आणि भाऊजींकडे बघत उभी राहिली.

"आरसे बघितले का?"

"बघितले."

"दोन्ही?"

भाऊजींनी मान वळवून दुसरा आरसा शोधला. गाडीला आरसा एकच होता. फोटोत एकच दिसत होता.

"हात कुठे असतात स्टिअरिंगवर?"

"दहा आणि दोनवर." घड्याळवाल्या माणसाला हे तरी पाठ होतं.

मी सीटच्या तळापासून हेल्मेटच्या टोकापर्यंत टेप धरला. छत्तीस इंच. भिंतीवर खडूने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बसवलं. पुन्हा ताई, पुन्हा ट्रे. "क्लच हळू सोडायचा असतो, लक्षात आहे ना?" भाऊजी म्हणाले, आहे. इंजिन बंद होतं. छत्तीस इंच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच. चहा, बिस्किटं, "मागून कोणी येतंय का?", आणि छत्तीस इंच. माझ्या पन्नास वर्षांच्या कामात इतकं एकवचनी माप मला भेटलं नव्हतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, माणूस केसभर हलला नाही. मी भाऊजींना म्हटलं, "तुम्ही माणूस नाही, फूटपट्टी आहात." छत्तीस अधिक दोन, अडतीस. भिंतीवर अडतीसभोवती गोल केला.

नळी आली. आधी जाड तारेचा साचा वाकवून सीटमागे धरून पाहिला, मग नळी वाकवण्याच्या यंत्रात घातली. पाणी नेणारी नळी वाकवायचं यंत्र इथे चालत नाही, त्यात वळण चेपतं. चेपलेलं वळण म्हणजे आधीच मोडायला सुरुवात केलेली नळी. माझं यंत्र तेलाच्या दाबावर चालतं आणि मी हळू वाकवतो. इतकं हळू, की नळीला आपण वाकतोय हे कळत नाही. ती सरळच आहे या समजुतीत वळते. खांद्यापाशी दोन वळणं, दोन्ही एकसारखी. भाऊजींनी भिंग लावून तपासली आणि म्हणाले, डावं वळण उजव्यापेक्षा दोराभर मोठं आहे. मी म्हटलं, "फोटो डावीकडून काढा."

टेकूंच्या टोकांना माशाच्या तोंडासारखी खाच पाडली, म्हणजे नळी नळीला मिठी मारून बसते. कमानीचे पाय सांगाड्यावर जाड पट्ट्यांवर उभे केले. फायबरच्या अंगाला दोन भोकं पाडावी लागली. ती पाडताना भाऊजी बाहेर जाऊन उभे राहिले. म्हणाले, बघवत नाही.

वेल्डिंगच्या वेळी त्यांना काम दिलं. फायबरवर ओली पोती टाकायची, बादली घेऊन उभं राहायचं, ठिणगी कुठे बसली तर पाणी मारायचं. तिसऱ्याच टाक्याला एक ठिणगी उडाली आणि भाऊजींनी बादली रिकामी केली. ठिणगी जमिनीवर पडली होती. बादली माझ्यावर. मी निथळत उठलो, मुखवटा वर केला, आणि ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "सावध असलेलं बरं." त्यानंतर मी बादली माझ्या हाताशी ठेवली आणि त्यांना फक्त बघायला लावलं.

चार दिवसांत काम संपलं. टाके असे पडले, एकावर एक ठेवलेल्या नाण्यांची चळत आडवी करावी तसे. काळा रंग मारला. कमान गाडीमागे अशी उभी राहिली की अकरा वर्षांत पहिल्यांदा ती गाडी कुठेतरी जाणार आहे असं वाटलं. भाऊजी तिच्याभोवती फिरले आणि भिंग न लावताच स्टुलावर जाऊन बसले. मला वाटलं, आनंद झालाय.

शुक्रवारी दुपारी पट्टे बांधायचे राहिले होते. तपासणी शनिवारी सकाळी, शर्यत रविवारी. ताई घरी नव्हती, एका शिकाऊ बाईंना परीक्षेला घेऊन गेली होती. मी म्हटलं, "भाऊजी, बसा. पट्ट्यांचं माप घेऊ."

ते बसले, हेल्मेट घातलं, पाठ टेकवली. मी मागून बघतो तो हेल्मेट कमानीच्या वर. दोन इंच खाली असायचं ते एक इंच वर आलेलं, कुंपणावरून शेजारणीने डोकवावं तसं.

मला वाटलं कमान खचली. टेप लावला. अडतीस, जशीच्या तशी. सीटखाली कुणी काही सरकवलं का बघितलं. काही नाही. मग भाऊजींना टेप लावला.

"एकोणचाळीस," मी म्हटलं.

"काय एकोणचाळीस?"

"तुम्ही."

"मी छत्तीस आहे. भिंतीवर लिहिलंय."

मी स्टुलावर बसलो. ओळीने आठवून बघितलं. तीन दिवस, तीन मापं, तिन्ही वेळा काय सारखं होतं? टेप सारखा, सीट सारखी, हेल्मेट सारखं. आणि चहा. मी सहज, दाराकडे बघून म्हटलं, "अरे, ताई आली वाटतं."

माझ्या डोळ्यांदेखत भाऊजी खाली गेले. मान खांद्यांत, खांदे छातीत, छाती पोटात. हात दहा आणि दोनवर. कासवालासुद्धा इतकं पटकन जमत नाही. टेप लावला, छत्तीस.

"नाही आली," मी म्हटलं.

भाऊजी वर आले. एकोणचाळीस.

"आली."

छत्तीस.

"मेव्हणे, हे काय चालवलंय?" भाऊजी म्हणाले. त्यांना आपण काय करतोय याचा पत्ताच नव्हता. नापास होण्याच्या चार फेऱ्या त्यांच्या पाठीच्या कण्यात जाऊन बसल्या होत्या. इतर कुठे नाही हं. घरात, बाजारात, लग्नसमारंभात ताईशेजारी ते ताठ चालतात, चौकटीला डोकं आपटतात. पण स्टिअरिंग हातात आणि ताई जवळ, की तीन इंच गायब. आणि अकरा वर्षांत या गाडीत ते फक्त माझ्या मापासाठी बसले होते, दर वेळी ताईच्या साक्षीने.

त्यांना समजावून सांगितलं तेव्हा आधी हसले, मग भिंतीवरच्या आकड्याकडे बघत बसले.

"नळी लांबवता येईल?"

"नाही."

"सीट खाली?"

"सीटखाली पत्रा आहे, पत्र्याखाली रस्ता. आणखी खाली गेलात तर पायांनी पळावं लागेल."

"दुसरी नळी?"

"तीन आठवडे."

दातांचे डॉक्टर त्यांच्या डोळ्यांसमोर दिसत होते, मलाही दिसत होते. मग ते हळूच म्हणाले, "उद्या तपासणीला ती येणारच आहे. ती जवळ उभी राहिली की मी छत्तीस. शिक्का मिळेल."

"आणि परवा चढणीवर? ती काय गाडीबरोबर धावणार?"

"मी हळू चालवीन."

"हळू उलटलात तरी डोकं तेच."

"मेव्हणे, अकरा वर्षं."

मला वाईट वाटलं, खरंच. पण ती कमान माझ्या हातची होती. तिच्याखाली माणूस बसतो तो तिच्या भरवशावर. मी म्हटलं, "येतो मी तुमच्याबरोबर. पण तपासनिसाला खरं सांगणार."

त्यावर भाऊजी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसले. "सांगा की. तुमचं कोण ऐकतंय?"

शनिवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याच्या मैदानात गाड्या रांगेत लागल्या होत्या. तपासनीस काटकुळा, हातात सरळ लाकडी पट्टी. कमानीभोवती फिरला, बोटाने टाके चाचपले, नळीला बारीक भोक पाडून जाडी मोजली. "टाके कुणाचे?" त्याने विचारलं. मी मान झुकवली. "अच्छा, टाकीवाले काका," तो म्हणाला. माझी टाकी तिथवर पोचली होती. "काम मात्र चोख आहे. बसा साहेब गाडीत."

भाऊजी बसले. ताई बाजूला येऊन उभी राहिली, खांद्याला भली मोठी पिशवी. "पट्टा आधी, किल्ली नंतर," ती म्हणाली, आणि भाऊजी खाली गेले. तपासनिसाने पट्टी कमानीवरून पुढे धरली. पट्टीखाली, हेल्मेटच्या वर, दोन इंचांचा स्वच्छ उजेड. त्याने खिशातून शिक्क्याचा कागद काढला.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. मी कमानीकडे बघितलं.

"थांबा," मी म्हटलं. "ही उंची खरी नाही. हा माणूस एकोणचाळीस इंचांचा आहे. बायको जवळ असली की छत्तीसचा होतो."

तपासनीस माझ्याकडे बघत राहिला, मग त्याला हसू आवरेना. पाठीमागच्या गाडीवाल्याला म्हणाला, "ऐकलंत? टाकीनंतर आता हे."

"मी शपथेवर सांगतो."

"काका, शिडीवाली पण शपथेवरच सांगितली होती तुम्ही."

मी आयुष्यभर हवेत महाल बांधले आणि लोक माना डोलावत आत राहायला गेले. आज पहिल्यांदा विटेचं घर दाखवत होतो तर कुणी उंबरा ओलांडेना. मी हात जोडले. "एकच करा. बाईंना त्या चहाच्या टपरीमागे पाठवा आणि पट्टी पुन्हा धरा. खोटा ठरलो तर हे हेल्मेट खातो, वरची काच लिंबासारखी पिळून."

केवळ मला हेल्मेट खाताना बघायला मिळेल म्हणून तो कबूल झाला. ताई पिशवी सावरत टपरीमागे गेली. तपासनिसाने पट्टी धरली. भाऊजींनी निकराचा प्रयत्न केला, दात आवळले, श्वास रोखला, दातांच्या डॉक्टरांची आठवण काढली. पण अंग ऐकेना. भाकरी फुगावी तसे ते वर आले आणि हेल्मेट पट्टीवर टक्कन आपटलं.

तपासनिसाच्या हातातला कागद गळून पडला.

"बाई, या बरं परत," तो म्हणाला. ताई आली, भाऊजी खाली. "जा." वर. "या." खाली. त्याने हे सहा वेळा केलं. मग बाकीचे तपासनीस बोलावून आणले आणि त्यांच्यासाठी पुन्हा तीनदा. एकाने वहीत काढून ठेवलं. भाऊजींचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला होता.

शेवटी काटकुळा तपासनीस म्हणाला, "काका, टाकीबद्दलही माझं मत बदललं. साहेब, गाडीत काही खोट नाही. कमान एक नंबर आहे. पण तुमच्यासाठी ती बुटकी आहे. तुम्हाला मी सोडू शकत नाही." त्याने अर्ज उलटून बघितला. "दुसरा चालक कुठे आहे?"

"कोण दुसरा?" भाऊजी आणि मी एकदमच म्हणालो.

ताईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि तिच्यातून हेल्मेट काढलं. नवीन नव्हतं. आतलं अस्तर तिच्या डोक्याच्या आकारात दबलेलं होतं. मग हातमोजे काढले. मग भाऊजींना म्हणाली, "उतरता का जरा?"

ती बसली. पाय पेडलना बरोबर पोचले. आणि मला आठवलं, महिन्याभरापूर्वी भाऊजी तक्रार करत होते की सीट कशी कोण जाणे, दोन भोकं पुढे बसवली गेलीय. ताई तेव्हा म्हणाली होती, मी पुसत होते, तेव्हा सरकली असेल. बोल्टने कसलेली सीट, पुसताना.

तपासनिसाने पट्टी धरली. मी टेप लावला. छत्तीस. त्यावर दोन इंच उजेड. कुणी जवळ येवो, लांब जावो, ती केसभर हलली नाही.

शिक्का बसला. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "ताई, तीन दिवस तीन वेळा चहा. मुद्दाम?"

"चहाच्या वेळेला चहा आणला."

"तुला माहीत होतं ते आखडतात."

"माझ्या शेजारी बसलेले सगळेच आखडतात. चौतीस वर्षं बघतेय." ती हातमोजा ओढत म्हणाली, "चौतीस वर्षं लोकांच्या शेजारी बसून त्यांचे ब्रेक मारले रे मी. एकदा तरी नुसता ॲक्सिलरेटर."

"मग सरळ मागायची गाडी."

"मागितली असती तर यांनी दिली असती. आणि मग स्वतःला कसं चालवता येत नाही याचं दुःख करत बसले असते. आता कसं, दोष तुझ्या कमानीचा."

रविवारी एकेक गाडी सुटत होती. चढणीला अकरा वळणं. ताईचा नंबर आला तेव्हा भाऊजी सुरुवातीच्या रेषेपाशी दोरीला धरून उभे होते. मी त्यांच्या बाजूला. मला वाटलं होतं, रात्रभर झोपले नसतील. तर चेहरा टवटवीत.

"मेव्हणे," ते पुढे बघत म्हणाले, "कुणाला सांगू नका. तुम्ही शेवटचा टाका मारलात ना, त्या दिवसापासून मी धास्तावलो होतो. गाडी झाली म्हणजे आता चालवायची. मला बांधायलाच आवडतं हो. ती तीनदा सोडवली ती काय डावं-उजवं चुकलं म्हणून?"

मग ते दोरीखालून वाकून गाडीपाशी गेले, पाठ सरळ करून ताईकडे बघितलं आणि म्हणाले, "आरसा बघितला का?"

"बघितला," ताई म्हणाली.

"क्लच हळू."

ताईने क्लच हळू सोडला नाही. लाल गाडी अशी सुटली की भाऊजींची टोपी मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन बसली. तिच्या मागच्या चाकांनी उडवलेली धूळ अजून त्या टेकडीवर उतरतेय, असं मी सांगतो. खरी गोष्ट एवढीच, की अकराही वळणांवर तिने हात बाहेर काढून, वळायच्या आधी, नियमाप्रमाणे इशारा केला. पंचांनी नंतर खडसावलं, शर्यतीत हात बाहेर काढायचा नसतो. ती म्हणाली, मागच्याला कळायला नको? मागे कोणी नव्हतंच, गाड्या एकेक सोडतात. तरीही ती चौथी आली. इशारे धरले नाहीत तर दुसरी.

खाली उतरल्यावर तिने हेल्मेट काढलं आणि भाऊजींपुढे यादी वाचली. तिसरा गिअर अडतो. डाव्या वळणाला मागचं काहीतरी कुरकुरतं. सीटखालून गरम हवा येते. भाऊजी एकेक गोष्ट वहीत लिहून घेत होते आणि त्यांचे डोळे नव्या घड्याळासारखे चमकत होते. पुढची अकरा वर्षं हातात आली होती. शेड त्यांची झाली, आणि ताईच्या दोन ब्रेकवाल्या गाडीसाठी त्यांनी आपणहून बाहेर पत्र्याचं छप्पर घातलं. खांब मी जोडले.

गेल्या आठवड्यात भाऊजी माझ्याकडे आले. आता त्यांना त्या गाडीत शेजारची सीट हवीय. स्वतःसाठी. तिच्यापुढे एक ब्रेकही हवाय. "तिच्या शेजारी बसतो म्हटलं," ते म्हणाले, "पण रिकाम्या पायाने नाही." म्हणजे त्या बाजूलाही कमान आली, आणि कमान आली की माप आलं.

या वेळी मी कच्चा नव्हतो. शेडचं दार आतून लावलं, कडी घातली, कडीला काठी अडकवली. रिकाम्या पेटीवर भाऊजींना बसवलं, स्टिअरिंगचा विचारही करू नका म्हटलं. टेप लावला. एकोणचाळीस. खडूने भिंतीवर ठसठशीत लिहिलं आणि भोवती दोन गोल केले.

दारावर टकटक झाली.

"चहा," ताई बाहेरून म्हणाली.

मी कडी काढली. ताई ट्रे घेऊन आत आली, पेटीवर हवेतच हात दहा आणि दोनवर धरून छत्तीसवर आलेल्या भाऊजींकडे तिने बघितलं, मग भिंतीकडे.

"एकोणचाळीस?" ती म्हणाली. "अरे, निदान खडूने तरी थापा मारू नकोस."

आणि कप माझ्या हातात देताना तिने डोळा मिचकावला.